काडीमोड

घर विकायचं, निम्मं-निम्मं घ्यायचं,
एवढंच उरलं होतं आमच्यात ठरवायचं.
वकिलाकडून येताना इड्वलने चिप्स घेतल्या दोघांत एक पुडा,
व्हिनेगर माझ्या बाजूला जास्त, नेहमीसारखं.

मग बँकेचा माणूस आला.
छप्पर बघितलं नाही, न्हाणीघर बघितलं नाही,
सरळ परसात गेला, शेडपाशी वाकला,
"हे कधीपासून आहे?"

हे म्हणजे नॉटवीड.
बांबूसारखं पोकळ, तांबड्या ठिपक्यांचं,
रेल्वेच्या बांधावरून उतरलेलं, नदीकाठाने चढलेलं.
तावेच्या खोऱ्यात खाणी बंद पडल्यावर
जोरात चाललेली ही एकच गोष्ट.

या घरावर कर्ज मिळणार नाही, तो म्हणाला.
कुणालाच.

इड्वलने त्याच दुपारी कुदळ काढली.
कमरेइतका खड्डा झाला, मूळ अजून खालीच.
पंधरवड्यात खड्ड्याच्या कडेने सतरा कोंब, लालबुंद.
मी मोजले, त्याने शिव्या दिल्या.

नेरिस आली, औषधवाली,
हातात इंजेक्शनची बंदूक, तोंडात सदैव पेपरमिंट.
खणू नका, उपटू नका,
कचऱ्यात टाकाल तर दंड भराल.
आणि एक काडीसुद्धा मोडू नका,
नखाएवढा तुकडा पुरतो त्याला.

तर आम्ही काडी मोडली नाही.
तो माडीवर, मी खाली.
फ्रिजमध्ये दुधाच्या दोन बाटल्या,
एकीवर इड्वल, एकीवर मेरेरिड.
दर सप्टेंबरात, पांढऱ्या फुलोऱ्याच्या सुमाराला,
नेरिस बुंध्यात सुई खुपसायची
आणि आम्ही दोन बाजूंनी खोड धरून उभे,
लस टोचताना पोराला धरावं तसे.

पहिल्या वर्षी पानं मुडपली.
दुसऱ्या वर्षी आलं ते खुजं, रोगट.
तिसऱ्या वर्षी माझा गुडघा कापला
आणि इड्वल लीकचं सूप शिकला, लीक नीट न धुता.
दाताखाली माती कचकच करायची.
प्यायले.
चौथ्या वर्षी काही उगवलं नाही.
बाटली एकच कधीपासून येऊ लागली, ते मात्र आठवत नाही.

आज शेवटची पाहणी. नेरिस दाखला घेऊन येणार.
सकाळपासून इड्वल शेडपाशी उभा,
हातात कप, डावा बूट
जरा जास्तच जपून टेकवलेला.
"काय आहे तिथे?"
"कुठे काय."
चहा केव्हाच गार झाला असणार.

फाटकाची कडी वाजली.
बूट उचल, असं मी म्हणाले नाही.