पुढच्या दारानं

तीन महिन्यांचं बिल थकलं तेव्हा
आग्नेलबाबनं रोख दिली नाही,
एक कूपन दिलं. दोन माणसांचं जेवण,
तळमजला, कॅसिनोला लागून, एशियन.
'रविवार सोडून कधीही या,' म्हणाला,
आणि माझ्या पायांकडं बघून, 'बूट घालून.'

अकरा वर्षं मी या हॉटेलात येतो
पहाटे साडेचारला, आरोंद्याचा पूल ओलांडून,
बर्फातली कोळंबी घेऊन, मागच्या दारानं.
वजनकाटा, सही, रिकामे क्रेट, परत.
पुढचं दार कधी पाहिलं नव्हतं.
ते आपोआप उघडतं.
हेमलता दचकून मागं सरली, तर मिटलं.
पुढं झाली, तर उघडलं.
असं दोनदा. मग दरवान हसला.
आजगावचा निघाला तो.

आत कागदाचे लाल कंदील.
काचेपलीकडं मशिनं खळाळतात,
जाळं ओढताना शिशाच्या गोळ्या वाजाव्यात तशी,
फक्त जाळं काही वर येत नाही.
शेजारच्या टेबलावर बेळगावचा एक शेट
एका हातानं नूडल्स खात होता,
दुसऱ्या हातात चिपांची चवड.
'किती वाजले?' मला विचारलं.
भिंतीवर घड्याळ नाही. कुठंच नाही.
'भरती लागली असेल,' मी म्हणालो.
त्याला वाटलं, मी टिंगल करतोय.

मेनू इंग्रजी. चित्रांवर बोट ठेवलं.
कोळंबी आली ती माझीच.
पट्टे शिजल्यावरही ओळखतो मी,
सोमवारचा माल.
मी किलोनं देतो, इथं नगावर हिशेब.
हेमलतानं सहा मोजल्या, चार मला वाढल्या,
मग आठवलं, हे घर नव्हे,
आणि एक परत घेतली.

मग लाल तेलात बुडलेला एक मासा.
पहिल्या घासालाच ओठ बधिर,
जिभेवर मुंग्या, मग गार, मग जीभच नाही.
हेमलता ओठाला बोट लावून गप्प बसली.
मग काडीनं नाही, चिमटीनंच
तेलातला एक दाणा उचलला तिनं,
तपकिरी, उकललेला,
आणि हुंगून, एवढ्या मोठ्यानं
की शेटची एक चिप घरंगळत गेली:
'अवो, ह्यां तिरफळ मां!'

नव्हतं. पण अगदी नव्हतं असंही नव्हतं.
लांब डोंगरापलीकडं दिलेल्या आत्याचं पोर
अचानक दारात उभं राहावं,
रंग वेगळा, भाषा वेगळी, नाक तेच.
'एक बी ऱ्हवलाहा आत,' ती वेटरला म्हणाली,
'काढूक व्हयां. कचकचता दाताखाली.'
वेटर पेडण्याचा. त्यानं ते तसंच आत नेऊन सांगितलं.

आतून इम्ती आला.
दोन वर्षं तो माझी कोळंबी उतरवून घेतो,
आम्ही फक्त किलो बोलतो.
मागच्या दारी सगळे त्याला चिनी म्हणतात,
मीसुद्धा म्हणायचो.
तो मोकोकचुंगचा.
त्याच्या घरामागंही असलंच झाड आहे,
खोडाला काटेच काटे,
आई त्याची पानं डुकराच्या मटणात घालते.
त्याचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं.
मी उजव्या अंगठ्यावरचा वण दाखवला,
भादव्यात तिरफळं काढतानाचा.
त्यानं बाही वर केली. त्याचा कोपराजवळ.

बिल कूपनात भागलं. कर मात्र रोख मागितला,
दोनशे चौदा रुपये.
शेट अजून बसलेला. नूडल्स थिजलेल्या.
हेमलतानं चारही काड्या पुसून पदरात घेतल्या,
मिरचीच्या रोपांना टेकू होतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी साडेचारला
क्रेटवर वर्तमानपत्राची पुडी होती.
काट्यावरचा पोरगा म्हणाला, 'हे कुठल्या खात्यात लिहू?'
इम्तीनं पुडी उचलली, नाकाशी नेली,
डोळे मिटून तसाच उभा राहिला
बर्फ वितळेपर्यंत.

थकबाकी अजून तशीच आहे.