टिटवीचा तिसरा हिस्सा

नवऱ्यामागे माझ्या नावावर आलं ते इतकंच:
एक बँकेतलं खातं, एक स्कूटर
आणि जुहूच्या हँगरमधल्या जुन्या विमानाचा तिसरा हिस्सा.
वकिलांनी विचारलं, तिसरा म्हणजे नेमका कुठला?
म्हटलं, शेपटीकडचा असेल.
ते हसले नाहीत, लिहून घेतलं.

उरलेले दोन हिस्से दातांचे डॉक्टर उदगीरकर
आणि पाली गावातल्या आग्नेलो मिस्किटांचे.
विमानाला तिघंही टिटवी म्हणायचे, पिवळ्या पायांमुळे.
टिटवी म्हणे पाय वर करून झोपते,
आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून.
आमची अकरा महिने चाकांवरच उभी.
आभाळ तिच्याशिवाय नीट तोलून आहे.

कारखान्याचं पत्र डॉक्टरांनी फ्रेम करून लावलंय.
सदर भाग आता बनवला जात नाही.
सदर नकाशे दप्तरी आढळत नाहीत.
खाली सही, सहीखाली हुद्दा,
हुद्द्याखाली मिस्किटांची पेन्सिल:
मग आपणच.

साकीनाक्याला एका लेथवर पितळी बुशिंग झालं,
इतकं सुरेख की तळहातावरून खाली ठेववेना.
पण त्याला जन्मदाखला नव्हता.
इथे नटालासुद्धा जन्मदाखला लागतो.
ते आता दवाखान्यात केसपेपर दाबून धरतं.

सिलिंडर मिळाला कराडच्या पुढे, एका कॉलेजात.
टिटवीची सख्खी बहीण तिथे पंख कापून
प्रॅक्टिकलसाठी ठेवलेली, सगळ्या कागदांसकट.
मुलं तिला उघडून शिकली, पुन्हा मिटून पास झाली.
प्राचार्य म्हणाले, न्या, पण पावती द्या.
सिलिंडरच्या पंख्यांत कुणी खिळ्याने कोरलेलं:
संज्या, ९१, नापास.
मिस्किटा घासायला निघाले. मी म्हटलं, राहू दे,
उडू दे त्याला एकदा.

आणि कापड. ते माझं काम.
तीस वर्षं पार्ल्यात ब्लाउज शिवले,
कटोरी, प्रिन्सेस, बोटनेक, लग्नसराईत रात्र रात्र,
पण फासळ्यांवर कापड असं बांधायचं
हे कुणी अंगावर आणलं नव्हतं.
लांब सुई वरून खाली, मिस्किटा खालून वर,
मेणाचा दोरा, अडीच बोटांवर गाठ,
गाठीमागे गाठ, बोलणं बंद.
वरून डोपचा हात, पिकल्या केळ्यांचा वास,
डोकं दुखतं, भूकही लागते.
ब्लाउज उसवला तर बाई परत येते, भांडते.
हे उसवलं तर
(हे वाक्य हँगरमध्ये कुणी पुरं करत नाही.)

तपासनीस आले. गंभीर, बुटात वाळू गेलेली.
छोटंसं यंत्र कापडावर टेकवून दाबत गेले,
डॉक्टर दाढ ठोकतात तसं, इथे दुखतं? इथे?
डावा पंख नवा, उजवा पंख नवा.
शेपटीचं कापड जुनंच, तो रंग मी उतरवू दिला नव्हता.
त्याखाली माझ्या नवऱ्याची शिवण,
वाकडी, दोन गाठी जास्तीच्या,
अविश्वासाने घातलेल्या.
यंत्र तिथे जरा जास्त थांबलं.
मी दुसरीकडे, समुद्राकडे पाहिलं,
जो इथला सगळा पत्रा खातो आणि काही बोलत नाही.
मग पेनाचा आवाज.

रविवारी दोन हेलिकॉप्टरांमधली वीस मिनिटं मिळाली.
मिस्किटांनी पंखा हाताने फिरवला, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा शिवी दिली, पोर्तुगीज असावी,
आणि टिटवी खोकून जागी झाली.

मागच्या सीटवर मी. पहिल्यांदाच.
खाली जुहूच्या गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या,
वाळत घातलेल्या कुणाकुणाच्या चादरी.
सगळे म्हणतात, समुद्र बघायचा.
मी पंखावरच्या गाठी मोजत होते.
एकशे बाराव्यापाशी डॉक्टरांनी वळण घेतलं
आणि मोजणी चुकली.

उतरल्यावर मिस्किटांनी कान लावला.
म्हणाले, तीन नंबर गरम होतोय,
संज्याच असणार.
वही उघडली, पुढच्या पानावर
पेन्सिलीने एका नळीचं नाव लिहिलं
आणि समोर प्रश्नचिन्ह.