जलपर्णी

मान जरा डावीकडे. हां, तशीच.
जेल गार लागेल.

आपोंडी छताकडे बघत पडते.
मी तिच्या मानेवर दांडा टेकवते
आणि पडद्यावर उघडतो
काळा, धडधडता ओढा, दोन्ही काठ राखाडी.
काठाची जाडी मोजायची,
किसुमूच्या या खोलीत एवढंच माझं काम.

किती?

शून्य दशांश शहाण्णव.

ओमेना मासळीच्या एका खवल्याइतकंही नाही.
पण ती बाजारात माप भरणारी बाई,
माझा आवाज ऐकूनच तिला कळतं
माप शिगोशीग झालंय.

वय एकावन्न. साखर नाही, तंबाखू नाही.
डोक्यावर टोपली घेऊन रोजची चढण.
एकोणीस वर्षांत गोळी चुकली नाही,
नवऱ्याच्या मयताच्या दिवशीसुद्धा
रडणाऱ्या बायकांतून उठली होती,
पाठमोरी, एका घोटापुरती.

रक्तात विषाणू दिसत नाही,
असं अहवालात दर वेळी येतं.
‘दिसत नाही’ आणि ‘नाही’,
मधल्या त्या एका शब्दात तो राहतो,
गाठींत, आतड्याच्या अस्तरात, दिवा न लावता.
झोप उडालीय ती अंगाची.
चोर गेला तरी राखणीचं कुत्रं
रात्रभर भुंकत राहावं, तसं.
भुंकून भुंकून भिंत जाड होते का?

डॉक्टर मागाक म्हणतात, कदाचित.
वय असेल. बापाकडचं असेल.
तळणाचं तेल असेल, गोळ्याच असतील,
नाहीतर सगळेच एका होडीत बसलेले.
आणखी माना मोजू, पाचशे होऊ देत,
मग बोलू.

मी तिला तसंच सांगते, काही न झाकता.

ती खिडकीबाहेर बघते.
नजर जाईल तिथवर सरोवर हिरवंगार,
जलपर्णी चढलीय.
परवा तिच्या दिराची होडी
धक्का समोर दिसत असताना तीन तास अडकली,
मासळी उन्हात गेली.

“हे कुठून आलं, यावरून
माझ्या लग्नाआधीपासून भांडतात लोक.
नदीनं आणलं म्हणतात,
कारखान्यांच्या घाणीवर पोसलं म्हणतात,
कुणा हौशी माणसाला जांभळी फुलं आवडली, असंही म्हणतात.
भांडू देत.
वाट तर रोज सकाळी कोयत्यानं कापावीच लागते.”

मानेवरचं जेल ती लेसोच्या टोकानंच पुसते,
मी कागद पुढे करेपर्यंत.
दारात थांबते.
“त्या पाचशेंत मला धरलंय ना?”

धरलंय.

ती गेल्यावर थिजलेल्या चित्रावर
मी पुन्हा रेघ ओढते. शून्य दशांश चौऱ्याण्णव.
पुन्हा. सत्त्याण्णव.
काठ तोच, हातही माझाच.

मग तक्त्यात नावाच्या जागी क्रमांक लिहिते,
दोनशे अकरा,
आणि पुढच्या बाईला हाक मारते.