शिट्टीच्या आत

हाल्सविकमध्ये घरटी पाच मिनिटं, असा हुकूम.
घड्याळ माझ्या मनगटावर, शिट्टी माझ्या गळ्यात,
रस्त्याला मधोमध तडा,
आणि बटाटे उकडताना झाकण उचलावं
तशी त्यातून वाफ.
एरवी मी मासळीच्या कारखान्यात बर्फ मोजते.

पहिलं दार ग्रीमुरचं.
पासपोर्ट, विम्याचे कागद, रक्तदाबाच्या गोळ्या
अशी यादी तळहातावर बॉलपेनने लिहून आणलेली.
बाहेर आला तो इस्त्री घेऊन.
इस्त्रीच्या शर्टात त्याला गावाने
कधी पाहिलेलं नाही.
"चालू राहिली असेल असं वाटलं," म्हणाला,
आणि ती थंडगार इस्त्री पोटाशी धरून
गाडीत जाऊन बसला.

ओद्नीने कपाटाचा खणच उपसून आणला.
मेलेल्या बॅटऱ्या, रबरं, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या,
वाढदिवसाच्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या.
मी नुसतं पाहिलं, तर उसळली,
"निवडत बसायला वेळ दिलायस का तू?"
तिच्या पोराने वायफायचा डबा आणला होता, वायरीसकट.
नव्या घरी मित्र आपोआप सापडतील म्हणून.

मग हाल्बेरा. एक्क्याऐंशी वर्षं,
त्यातली पन्नास जाळी विणण्यात.
चौथ्या मिनिटाला खिडकीतून डोकावले
तर ती सिंकपाशी कप विसळत होती.
जमीन हलली. नळाचं पाणी क्षणभर तिरकं झालं.
तिने कप पुसला, पालथा घातला,
फडकं झटकून नळावर पसरलं, कोपऱ्याला कोपरा जुळवून,
आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली.
"खरकटं टाकून कसं निघायचं?
कुणी आलंच तर?"
कोण येणार होतं ते
डोंगरामागे लाल दिसत होतं.
मी दार ओढून घेतलं.

तीन दिवस मी असे दुसऱ्यांचे उंबरे राखले
आणि मनातल्या मनात प्रत्येकाला नापास केलं.
माझी यादी पक्की होती.
वडिलांच्या होडीची नोंदवही,
आईची चांदीची बटणं,
फोटोंची हार्ड डिस्क. ह्याच क्रमाने.
जिन्याच्या डावीकडून वर, उजवीकडून खाली.

माझी पाळी आली तेव्हा
घड्याळ ब्रांदुरकडे दिलं. वीस वर्षांचं पोर,
शिट्टी ओठांत धरूनच उभं.
मी आत गेले
आणि दाराशी बसून
बूट काढले.

सवयीने. दुहेरी गाठ, गोठलेली नाडी,
एक अख्खं मिनिट त्यातच गेलं.
मोज्यांतून फरशी कोमट लागली,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी.
स्वयंपाकघरात कॅलेंडर. गुरुवारवर माझं अक्षर:
दंतवैद्य, साडेतीन.
त्याखाली रेघ, दोनदा ओढलेली,
विसरू नये म्हणून.
मी तिथेच थांबले. दाढेवरून जीभ फिरवली.
दुखत होती अजून.

शिट्टी झाली.
मी मोज्यांवरच बर्फात आले, हातात कॅलेंडर.
ब्रांदुर काही बोलला नाही.
आपले जाडे हातमोजे काढून
त्याने माझ्या पायांत घातले.

आता आम्ही एका शाळेच्या जिममध्ये, बास्केटच्या खाली.
मला मिळालेले बूट एक नंबर मोठे आहेत.
ओद्नीच्या खणातली एकही बॅटरी चालत नाही,
तरी रोज कुणीतरी येऊन मागतं.
ग्रीमुर इस्त्री उशाशी ठेवून झोपतो.

काल दिवे गेल्यावर
शेजारच्या खाटेवरून हाल्बेरा कुजबुजली,
"तू भांडी घासून निघालीस ना गं?"

हो, म्हणाले.

सिंकमध्ये दोन ताटल्या होत्या
आणि अंड्याची कढई.