गंतव्य देश

फॉर्मच्या अकराव्या रकान्यात विचारतात,
माल कोणत्या देशात चालला आहे.
चुनखडी मुंद्र्याला जाते, पाइप बसऱ्याला.
मागच्या महिन्यात फ्रीजएवढा एक खोका आला,
एकशे बेचाळीस किलो,
'उभाच ठेवा' असं चार भाषांत बजावणारा,
आणि माझं बोट बटणावर अडलं.
यादीत अफगाणिस्तानपासून झिम्बाब्वेपर्यंत सगळं आहे,
वरच्या दिशेला काहीच नाही.

परकारांना विचारलं.
एकतीस वर्षं या देशात,
मस्कत, सोहार, आता हे दुक्म,
तेलाच्या पिंपांवर तीन मुलींची लग्नं केलेला माणूस.
म्हणाले, "'इतर' लिही.
'इतर'मध्ये लई मावतं, बाय."

लिहिलं.
परत येणार का? नाही.
विम्याची रक्कम? आमच्या अख्ख्या गोदामाच्या सातपट.
नाशवंत?
इथे मी चहा संपेपर्यंत थांबले.

तळमजल्यावरच्या हमूदने वार्षिक अहवाल दाखवला.
गोल चित्रात तेल, वायू, बंदरं, मासळी, खजूर,
आणि त्यांच्या फटीत एक नवी हिरवी रेघ.
"जाड होणार ही," तो म्हणाला,
नव्या दाढीवरून हात फिरवत.
मला ती कोर वाटली.
चंद्राची नव्हे, भाकरीची,
ताटात शेवटी उरते ती.

हमूदचा चुलता मुसल्लम, होडीवाला.
उड्डाणाच्या दिवशी समुद्र बंद,
नकाशावर लाल चौकट, भरपाई चाळीस रियाल.
वाऱ्यामुळे उड्डाण तीनदा पुढे ढकललं
आणि तीनदा तो आमच्या खिडकीशी सही करायला आला.
"साठ वर्षांत पहिल्यांदा," म्हणाला,
"न पकडलेल्या सुरमईचा भाव मिळाला."
हसला, मग मोजून घेतले.

पुतण्या त्याला समजावतो :
खोका वरून बघेल मासे कुठे आहेत ते,
फोनवर कळवेल, महिना सहा रियाल.
मी म्हटलं, आमच्याकडे याला
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.
अर्थ सांगितला, मोडक्या अरबीत, हातवारे करून.
मुसल्लम गोंधळला.
"मग त्यात चूक काय?
माझा बाप तसाच हाकायचा."

पहाटे चार वीसला
कँटीनमधल्या बरण्यांची झाकणं वाजली.
परकार अंगणात उभे, कपाळावर तळवा धरून,
अंधारात तळवा कशाला ते त्यांनाच ठाऊक.
उजेड गेला.
मागे राहिला तो धूर, वाऱ्याने वाकवलेला,
घाईत मारलेल्या सहीसारखा.
कुणीतरी म्हणालं, झालं? एवढंच?

नवव्या दिवशी मुसल्लम थेट ऑफिसात,
झगा गुडघ्यापर्यंत ओला,
मागे दोन पोरांनी धरलेली पांढरी पाटी,
एक कड जळून काळी.
खोल पाण्यात तरंगत होती म्हणे.
उन्हात कुठे सावली दिसली की मासा तिच्याखाली थांबतो,
हे त्याला फोनने सांगितलं नव्हतं.
पाटीखाली कुपेच कुपे.
होडी कडेपर्यंत भरून आली.

कंपनी म्हणते, तुकडा आमचा, पाठवा.
गेटवरचा शिपाई म्हणतो, बाहेरून आलाय,
आयातीचा फॉर्म लागेल.
मी नवा फॉर्म उघडला.
उगम देश?
कर्सर लुकलुकत राहिला.
परकार नमाजाला गेलेले.

मुसल्लमने वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन कुपे
माझ्या टेबलावर ठेवले,
नेमके त्या हिरव्या रेघेच्या अहवालावर.
पाणी पाझरलं, गोल चित्र फुगलं.
मासे मी फ्रीजमध्ये टाकले,
पाटी पंख्याखाली भिंतीला टेकवली
आणि वाकून तिचा वास घेतला.
खारट. थोडा जळका.
वरचा म्हणावा असा
कुठलाच वास तिला नव्हता.