एकसष्ट डॉलर

इलोना वॉर्गो आली तेव्हा
टोलेडोत दुपारचे तीन वाजले होते आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते.
सरोवरावरचा वारा तिच्या आधी आत शिरला.
हातमोजे काढून तिने टेबलावर ठेवले, एकावर एक,
आणि म्हणाली, गाडी बदलायची आहे.
ही फार मोठी होते मला एकटीला.

ती बाहेर उभी होती:
मध्यम आकाराची, राखाडी, पाच जणांची,
रस्त्यावरच्या मिठाने पोटापर्यंत पांढरी झालेली.
मागच्या काचेवर बोलिंग क्लबचा स्टिकर, अर्धा खरवडलेला.

तिचा हिशेब साधा होता: लहान गाडी, लहान हप्ता.
सगळ्यांचा तोच असतो.
सत्तावीस वर्षं मी तो मोडत आलोय,
अजून हळुवार मोडता येत नाही.

मी पडदा तिच्याकडे वळवला.
ही तुमची: सहा महिन्यांचे आठशे बारा.
तुम्ही म्हणता ती छोटी सेडान: नऊशे चाळीस.
मूर्ती लहान, हप्ता महान.
कारण ती विशीतली पोरं घेतात,
रात्री दोनला पुलावरून सुसाट नेतात,
आणि त्यांच्या पापाचा वाटा
ग्रंथालयातल्या बाईच्या पदरात पडतो.
तीन रांगांची त्याहून महाग. बंपरात इतके सेन्सर
की खांबाला नुसता गाल घासला तरी पगार जातो.
विजेवरचीचं विचारूच नका.
पिकअप जवळपास तुमच्याएवढीच,
पण चढायला शिडी लागेल.
ती हसली नाही.

आणि तुमची स्वस्त का, सांगू?
कारण ही चालवणाऱ्यांच्या मागच्या सीटवर
बहुधा कोणीतरी झोपलेलं असतं.
पिवळा दिवा दिसला की ते थांबतात.
कंपनीला माणसं दिसत नाहीत, सवयी दिसतात,
आणि या गाडीची सवय चांगली आहे.

मागे आता किराणा असतो, ती म्हणाली.
ते कंपनीला ठाऊक नाही, मी म्हणालो.

मग तो रकाना आला.
ऑक्टोबरात मी टिबोरच्या अंत्यविधीला गेलो होतो,
शेवटच्या बाकावर बसलो, तळघरात कोबीचे रोल खाल्ले, दोनदा घेतले,
आणि ऑफिसात येऊन तो रकाना तसाच ठेवला.
आज नूतनीकरण. आज इलाज नव्हता.
'विवाहित' काढून 'विधवा' निवडलं.
पडद्यावर एक छोटं वर्तुळ गरगरलं.
आठशे त्र्याहत्तर.

चालवणारा एक कमी झाला, ती म्हणाली,
मग आकडा खाली यायला हवा ना?

मी खुलासा केला. तो मला पाठ आहे.
लग्न झालेली माणसं कमी धडकतात,
म्हणजे कागदावर, म्हणजे सरासरीने,
म्हणजे तुमच्याबद्दल हे काहीच नाही.

तिने पर्समधून पेन्सिल काढली,
माझ्याच लिफाफ्याच्या पाठीवर वजाबाकी मांडली,
हातच्यासकट, शाळेतल्यासारखी.
म्हणजे टिबोर एकसष्ट डॉलरचा होता.
सहा महिन्यांचा.

महिन्याला दहा डॉलर सतरा सेंट,
माझ्या तोंडून निघून गेलं. सवय.
महिन्यावर आणलं की लोकांना कमी वाटतं.

ती बघत राहिली माझ्याकडे, आणि मग हसली,
इतकी, की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली.
दहा डॉलर! तो नुसता घोरायचा त्याचेच जास्त होतील.
आणि ऐका, गाडी कायम मीच चालवायचे.
त्याने दोन हरणं मारली, गॅरेजचं दार मारलं,
तेव्हापासून किल्ली माझ्याकडे.
तो शेजारी बसून ब्रेक दाबायचा.
तिथे ब्रेक नसतो, तरी दाबायचा.
चटईला टाचेचं भोक पडलंय.

हे कुठल्या रकान्यात घालू, मला कळेना.

तिने सही केली, जुन्याच गाडीवर, नव्या आकड्यावर.
हातमोजे घातले. दार नीट लावून घेतलं.

खिडकीतून मला दिसलं:
कॉन्सॉल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सिग्नल हिरवा होता,
लख्ख हिरवा,
तरी तिने वेग कमी केला.
मागच्याने हॉर्न दिला.