पन्नास अंडी

दर सोमवारी मी नुकूसच्या बाजारातून पन्नास अंडी आणते.
अंडीवाला झुमाबाय विचारतो, लग्न कुणाचं?
हा पाहुणचार कुणासाठी, ते मी सांगत नाही.

अंडी फोडायची, गाळायची, हिरवा रंग मिसळायचा,
नळ्या तिरक्या ठेवून मंद आचेवर थिजवायच्या.
वर थेंबभर, कुणाच्या तरी छातीतलं.
मग थांबायचं.
याला घाई नाही. एकाचे दोन व्हायला
याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो.
सहाव्या आठवड्यात नळीत उगवतो
शिळ्या पावाचा चुरा, पिवळट, खरबरीत.

ही नळी तिलेवबायची. मुयनाक, वय एक्केचाळीस.
समुद्र निघून गेला तेव्हा मागे राहिलेल्या बोटी
गॅसने कापून तो भंगारात घालायचा.
गोळ्यांनी त्याची लघवी नारिंगी व्हायची,
आणि आयपार्शा, त्याची बायको, खूश व्हायची:
रंग आलाय, म्हणजे औषध लागतंय.

रंग खरा होता.
गोळी पोहोचतही होती, थेट त्या यंत्रापाशी
जे जंतूचा मजकूर उतरवून घेतं.
तिथे तिची बसायची एक खोबण.
साडेचारशेवी जागा. एक अक्षर बदललं,
तिथे आता दुसरंच कुणी पाय पसरून बसलंय.
गोळी उभीच राहते. मग वाहून जाते, नारिंगी.

दुसऱ्या गोळीची गोष्ट आणखी विचित्र.
ती झोपेतच आत जाते
आणि तिला जागं करतो जंतूच्याच घरचा नोकर.
मारेकऱ्याला दार उघडणारा, इमानी.
तीनशे पंधराव्या जागी त्याचा ध चा मा झाला.
कारस्थान नाही, खलबत नाही,
चिठ्ठीत खाडाखोड करणारा हात नाही.
उतरवून घेताना चुकलं, एवढंच.
नोकर बाकीची कामं करतो.
हे एक दार तेवढं विसरतो.

आणि चूक गोळीच्या आधीची असते, हे मला
डॉक्टर येरेझेपना कितीदा सांगावंसं वाटतं.
कोट्यवधींत एखादा आधीच चुकलेला असतो,
जरा लंगडत, सगळ्यांच्या मागे.
गोळी येते, पुढचे सगळे पडतात,
मैदान लंगड्याचं.
नंतर कधीतरी आणखी एक चूक होते
आणि ती पहिलीला सावरून धरते.
मग तो लंगडतही नाही.

फॉर्मवर कारणाचा रकाना आहे.
डॉक्टरांनी लिहिलं: तीन महिने उपचार सोडले,
कझाकस्तानात मजुरीला गेला.
तेही खोटं नाही. तिथे कोण देणार होतं गोळ्या?
मैदान असं मोकळं झालं.

मार्चमध्ये आयपार्शाची बाटली आली.
तिने जन्मात क्षयाची गोळी पाहिली होती
ती फक्त नवऱ्याच्या तळहातावर.
मी पट्टी भिजवली, सुकवली, दिव्याखाली धरली.
साडेचारशेपाशी जी रेघ हवी ती नाही.
नको ती आहे, ठळक.
तीनशे पंधरापाशीही तेच.
नवऱ्याची पट्टी काढून शेजारी ठेवली.
जुळ्या.

ती खिडकीपाशी उभी होती, मास्क हनुवटीवर.
म्हणाली, मी तर एकही गोळी चुकवली नाही.
मी म्हटलं, मास्क वर घ्या.
दुसरं काही सुचलं नाही.

तिच्या फॉर्मवर तो रकाना मी कोराच ठेवला.
येरेझेपनी परत पाठवला. मी पुन्हा कोराच पाठवला.
नवी औषधं मिळालीत दोघांना, सहा महिन्यांची.
त्यांनाही बाहेर फेकणारे पंप असतात म्हणे,
आणि त्या पंपांवरचा पहारेकरी
कधी कधी डुलकी घेतो.
अजून तरी पट्टीवर तसलं काही नाही.

या सोमवारी झुमाबायने एक्कावन्नावं अंडं फुकट दिलं.
तेवढं मी घरी नेलं, उकडलं.
मीठ शोधलं नाही.
खिडकी उघडी होती, वारा समुद्राच्या जागेवरून येत होता.